रापणीची दोन टोके

छोट्या किनारी गावातल्या हळुवार प्रेमकथा मला मनापासून आवडतात. मात्र त्यांतला समुद्र केवळ सूर्यास्तापुरता असला, तर ती कथा कुठेही घडू शकली असती असे वाटत राहते. मालवणची रापण पाहिल्यापासून माझे हे मत पक्के झाले. होडीतून अर्धवर्तुळाकार टाकलेले लांबलचक जाळे किनाऱ्यावरून दोन गट दोन टोकांना धरून ओढतात आणि जाळे जसजसे जवळ येते, तसतसे ते गटही एकमेकांकडे सरकत जातात. दोन टोकांवरच्या दोघांना जवळ आणण्यासाठी लेखकाला वेगळा योगायोग रचण्याची गरजच काय?

शिवाय आपल्या काव्यात पावसाळा विरहाचा मानला जातो, पण इथे तो भेटीचा असतो, कारण १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि खलाशी घरी असतो. मी लिहीत असलेल्या कथेत म्हणूनच लग्नाची बोलणी आषाढात होतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडताना नायिकेचा हात क्षणभर थबकतो.