तुम्ही विचारलंत म्हणून : ह्यांना सोडून मी बाहेर कशी पडते

"यजमानांना दुसऱ्याच्या भरवशावर टाकून तुम्ही बाहेर पडता तरी कशा?" काहीजण हे टोमणा म्हणून विचारतात. पण ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलंय, ते खरोखर वाट शोधत असतात. हे उत्तर त्यांच्यासाठी.

बाहेर पडते ती एका वहीच्या जोरावर. अर्धांगवायूने ह्यांची उजवी बाजू गेली, गिळायलाही त्रास होतो. म्हणून पहिल्याच पानावर लिहिलंय : पाणी तसंच द्यायचं नाही, डॉक्टरांनी दिलेली पावडर घालून दाटसर करून, चमच्याने. भरवताना नीट बसतं करायचं, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाड लाल दिसतंय का बघायचं. उठवताना उजवा हात ओढायचा नाही, खांदा दुखावतो. आणि खाली ठळक : 'शब्द सापडला नाही की चिडतात. वाद घालू नका, रेडिओ लावा.' सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती हीच ओळ.

नव्या माणसाकडून आधी माझ्यासमोर सगळं करून घेते. मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास.

माणूस मिळतो कुठून? तासांवर येणारे मदतनीस असतात, दिवसभर सांभाळणारी केंद्रं असतात, थोडे दिवस ठेवून घेणारी शुश्रूषागृहं असतात. काही पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करण्यासाठी केलेली शुश्रूषा) संस्थाही घरच्यांना उसंत मिळावी म्हणून रुग्णाला ठेवून घेतात. चौकशी मात्र गरज पडायच्या आधी करा, ऐनवेळी खाट मिळत नाही. स्मृतिभ्रंश असेल तर नव्या जागेत माणूस बावचळतो, तिथे घरी येणारा मदतनीस बरा.

"काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या नातेवाइकाला मी तिथल्या तिथे सांगते, "दर गुरुवारी चार ते सहा." निम्मे गळतात. उरलेले पक्के.

बहुतेकांना एकदम आठवड्याची सुट्टी हवी असते. मला विचाराल तर दर आठवड्याचे ठरलेले दोन तास जास्त मोलाचे, कारण ते येणार हे माहीत असलं की मधले दिवस निभतात.

टोमणेवाल्यांसाठी एक आकडा. १९९९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांना चार वर्षांत मृत्यूचा धोका, शुश्रूषेची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. मीच आडवी झाले तर ह्यांची कूस कोण बदलणार? तुमच्यावरचा भार मोजायलाही झारिट नावाची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. रुग्णाला दाखवायला जाल तेव्हा डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

त्या दोन तासांत काय करता, हा पुढचा प्रश्न ठरलेला. झोपते. तीही मैत्रिणीकडे जाऊन. घरी डोळा लागला तरी कान ह्यांच्या खोलीतच असतात.