करंगळी तेवढी हिरवी झाली

मार्केट यार्डात टेम्पो चालवलेले एक काका परवा आमच्या आधार केंद्रात आले होते. त्यांचं काम मी पूर्ण केलं, पावतीही दिली, तरी ते झालं असं मला अजून म्हणवत नाही.

मी इथे ऑपरेटर आहे. आम्ही फोटो काढतो एवढंच लोकांना दिसतं. दर अर्जाच्या शेवटी आम्हाला स्वतःचं बोट लावावं लागतं, चूक निघाली तर ती थेट आमच्या नावावर.

काकांनी काउंटरवर आधी लायसन ठेवलं. पिवळट पडलेलं प्लास्टिकचं पाकीट, कोपऱ्यांना चिकटपट्टी. "बँक, सिमकार्ड, लॉज, सगळीकडे हेच दाखवलं मी," म्हणाले. मुदत संपली होती. चाळिशीनंतर लायसन नव्याने करायचं तर डॉक्टरांचा दाखला लागतो आणि काकांना उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही. त्यांनी आपणहून गाडी सोडली. गाडीबरोबर ओळखपत्रही गेलं. बँकेत अंगठा लावायला सांगितलं, तो तीनदा जुळला नाही, आणि तिथल्या मुलाने "तुमचं आधार बंद पडलंय" म्हणून परत पाठवलं. या वाक्याची मला चीड येते. आधार चालूच होतं. यंत्राला ठसा वाचता आला नाही, एवढंच झालं होतं.

मी बोटं घ्यायला बसलो. डावी चार, उजवी चार, मग दोन्ही अंगठे. काकांनी नुसता टेम्पो चालवला नव्हता, माणूस मिळाला नाही की पोतीही स्वतःच उतरवली होती. बोटांची टोकं गुळगुळीत, स्क्रीनवर नुसते पांढरे चट्टे आणि ठसा नीट न आल्याची लाल खूण. मी काच पुसली, ओलसर फडक्याने त्यांची बोटं पुसली, मनगटावर हलका हात ठेवला. जोरात दाबलं की रेषा पसरतात, हे नवीन पोरांना कितीदा सांगितलं तरी ती दाबतातच. पुन्हा लाल. पुन्हा लाल. उजव्या हाताची करंगळी तेवढी हिरवी झाली.

आयरिसला, म्हणजे बुबुळाच्या स्कॅनला, डावा डोळा लगेच आला. उजव्याची पापणी मिटत होती, ती सोबत आलेल्या त्यांच्या सूनबाईंनी दोन बोटांनी अलगद धरली, तेव्हा तोही आला.

नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला पहिलं आधार दिलं, तेव्हापासून दहा बोटांबरोबर दोन डोळे आणि चेहराही घेतात. एक खूण झिजली तर दुसरी असावी, म्हणून. ज्यांनी ही रचना केली त्यांना कष्टाचे हात ठाऊक होते, असं मला मनापासून वाटतं. पण कितीतरी काउंटरांवर यंत्र फक्त अंगठ्याचं असतं. तिथे काकांचे दोन्ही डोळे काय कामाचे?

मोबाइल नंबर मुलाचा होता, तोही बदलून काकांचा घातला, म्हणजे निदान ओटीपी त्यांच्या हातात येईल. उठताना त्यांनी विचारलं, "आता अंगठा लागेल ना?"

मी "हो" म्हटलं नाही. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: 'बोटं उमटत नाहीत. आयरिस, चेहरा किंवा ओटीपीने पडताळणी करावी.' खाली केंद्राचा शिक्का मारला. त्या शिक्क्याला बँकेत काही किंमत नाही, हे मला माहीत होतं.

काकांनी कागदाची घडी केली आणि लायसनच्या पाकिटात, लायसनच्या मागे सरकवली. अपडेट झाल्याचा मेसेज आला की ते पुन्हा बँकेत जाणार आहेत.