वटवाघळाला किती उडू द्यायचं?

पुण्यातल्या एका बोर्डगेम कॅफेत शनिवार-रविवारी मी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे खेळ चालवतो. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फाशांवर गोष्ट पुढे न्यायची, असा हा खेळ. पैसे घेऊन, म्हणजे नोकरीच म्हणा. होमब्रू रेसला, म्हणजे खेळाडूनं स्वतः घडवलेल्या पात्राच्या जमातीला, माझी हरकत नसते, फक्त खेळाआधी मला दाखवायची.

त्या शनिवारी अकरावीतला एक मुलगा वही घेऊन आला. वटवाघळांसारखी माणसं, पेनानं काढलेली चित्रं, त्यांच्या गुहांचा नकाशा. काम झकास होतं. खाली क्षमता लिहिलेल्या: पहिल्या लेव्हलपासून फेरीला ५० फूट उडण्याचा वेग, अंधारात आवाजावरून ६० फुटांपर्यंत सगळं कळणं. आणि कमजोरी? समुद्राच्या पाण्यानं अंग भाजतं.

"दादा, बॅलन्स केलंय. ताकद दिलीय तशी कमजोरीपण दिलीय."

आमची मोहीम डोंगरात चाललेली. समुद्र नकाशावरही नव्हता आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ही चलाखी मला सारखी दिसते. कमजोरी अशी निवडायची की तिची कधी गाठच पडू नये, ताकद मात्र दर फेरीला वापरायची. २०१६च्या अधिकृत पुस्तकातला कोबोल्ड बघा, तीही एक रेसच. शत्रूशेजारी आपला साथीदार असला की त्याला हल्ल्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, पण उन्हात डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे छोटा आकडा. ऊन रोज पडतं, म्हणून ती किंमत खरी.

वाद घालण्यापेक्षा मी फासे काढले. मोकळं मैदान, चार गॉब्लिन. पठ्ठ्या लाँगबो, म्हणजे मोठं धनुष्य, घेऊन थेट १०० फूट वर. लाँगबो १५० फुटांपर्यंत सरळ लागतो, गॉब्लिनचं छोटं धनुष्य मात्र ८० फुटांपुढे डिसअ‍ॅडव्हान्टेजनं. त्याचा आर्मर क्लास, म्हणजे बाण लागायला गाठावा लागणारा आकडा, १४; गॉब्लिनचा नेम +४, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात चार मिळवायचे. एरवी बाण लागायची शक्यता ५५ टक्के. दोन फाशांतला कमी आकडा धरायचा म्हटल्यावर ती जेमतेम ३० वर येते.

गॉब्लिन काही खुळे नसतात. त्यांनी आकाशाचा नाद सोडला आणि खालच्या ड्वार्फ क्लेरिकला, म्हणजे बुटक्यांच्या जमातीतल्या पुजारणीला, घेरलं. तिचा वेग २५ फूट, पळणार कुठे? दुसऱ्या फेरीत तिचे हिट पॉइंट, म्हणजे उरलेला जीव, शून्य. ते पात्र खेळणारी ताई शांतपणे म्हणाली, "म्हणजे मी इथे मार खायला आणि तुझे बाण वेचायला येते का रे?"

तो आधी हसला. मग स्वतःची शीट पाहिली, एक ओरखडा नाही, तिची पाहिली. गपचूप खोडरबर काढलं.

पाचव्या लेव्हलपर्यंत पंखांनी फक्त तरंगत खाली यायचं, असं ठरलं. पाचव्या लेव्हलला विझार्डला, म्हणजे जादूगाराला, उडायचा फ्लाय मंत्र घेता येतो, त्यामुळे तोवर मीही उडणारे शत्रू मोकळेपणानं आणू शकतो. आवाजावरून कळणं मी ठेवलं, ३० फुटांपर्यंत. रेसची सगळी मजा त्यातच होती. कमजोरी मात्र त्यानंच सुचवली: मोठा आवाज झाला की पुढच्या फेरीपर्यंत ही शक्ती बंद.

"थंडरवेव्ह मंत्राचा आवाज ३०० फुटांपर्यंत जातो ना, दादा?"

सगळ्यांच्या माना विझार्डकडे वळल्या. थंडरवेव्ह हा त्याचा जीव की प्राण.

"म्हणजे आता दर वेळी याला विचारून टाकू?"

"ओरडून सांग की," ताई म्हणाली.

ओरडणं मोठ्या आवाजात धरायचं की नाही, यावर पुढचा अर्धा तास गेला. नाही धरायचं, असं ठरलं.