रविवारचा ओव्यांचा कार्यक्रम आम्ही कसा टिकवला

आमच्या तालुक्यातल्या सामुदायिक रेडिओवर दर रविवारी संध्याकाळी तासभर लोकगीतं लागतात. जात्यावरच्या ओव्या, भलरी, धनगरी ओव्या, भारूड, पंचमीची गाणी. निवेदन मी करते, शाळेतली नोकरी सांभाळून, बिनपगारी. गेल्या वर्षी रेडिओ चालवणाऱ्या संस्थेच्या एका प्रकल्पाचा निधी संपला आणि नव्या अंदाजपत्रकात पहिली कात्री याच कार्यक्रमाला लागली. त्या वेळेत पेन ड्राइव्हवरची भक्तिगीतं लावायची, असं जवळजवळ ठरलं होतं.

सह्या गोळा करा, असं जो तो सांगत होता. त्या केल्याच. बचत गटांतल्या बायकांनी भराभर दिल्या, काहींचे अंगठे आहेत. पण सह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला की समोरचा "भावना समजतो" म्हणतो आणि आकडे जागचे हलत नाहीत. म्हणून मी केंद्राच्या समन्वयकांकडे खर्चाची फोड मागितली. ज्यांच्या गावात असं काही चाललं असेल त्यांनी हेच आधी मागावं. स्टुडिओ आणि ट्रान्समीटरच्या विजेचा खर्च भक्तिगीतं लावली तरी होणारच होता. आमच्यामुळे वाढणारा खर्च म्हणजे वाड्यावस्त्यांवर जायचं जीपभाडं, गाणाऱ्यांचं मानधन आणि एडिटिंग करणाऱ्या मुलाचा पगार.

सगळ्यांचा डोळा जीपभाड्यावर. गाणाऱ्यांनाच केंद्रावर बोलवा की, असं म्हणणं. पण ओवी अशी बोलावून येत नाही. एका आजींना आम्ही स्टुडिओत आणलं होतं. बंद खोलीत खुर्चीवर बसून त्यांना दोन ओळींपुढे आठवेना. मग त्यांच्या घरी गेलो. जातं मांडलं, खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी टाकली. घरघर सुरू झाली तशा आजी सुटल्याच. लेक, भाऊ, पंढरी, सासुरवास, एकातून एक निघत गेलं. रेकॉर्डर जात्याशेजारी ठेवला तर नुसती घरघर, तोंडाजवळ धरला तर बांगड्यांचा आवाज. शेवटी जात्याखाली गोणपाटाची घडी सारली, रेकॉर्डर त्यांच्या खांद्यामागे धरला, तेव्हा शब्द स्वच्छ आले. ते रेकॉर्डिंग मी केंद्राच्या सल्लागार समितीला ऐकवलं, आणि स्टुडिओतलंही. जीपभाड्याबद्दल त्यानंतर फारसं बोलावं लागलं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांच्या गटाने महाराष्ट्रात गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या. इतकं मोठं काम आमच्याच्याने होणार नाही, पण गावात पिठाची गिरणी येण्याआधी पहाटे दळायला बसलेल्या बाया आमच्याकडे आता सत्तरीच्या पुढे आहेत. यंदा परवडत नाही, पुढच्या वर्षी बघू, हे भक्तिगीतांच्या बाबतीत चालेल. इथे चालत नाही.

नियमांचाही उपयोग झाला. स्वयंसेवी संस्थांना रेडिओचा परवाना खुला झाला तो 2006 च्या धोरणाने. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले हवेत, ही अट आहे. आमचा तास काढला तर तो हिस्सा कशाने भरणार, एवढंच मी बैठकीत विचारलं. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार सल्लागार समितीत निम्म्या तरी महिला हव्यात. आमच्या समितीत जागा रिकाम्या होत्या. तिथे बचत गटाच्या एक ताई आल्या, एका भजनी मंडळाचे बुवाही आले. त्या ताईंचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त लागू पडलं.

पैशांसाठी एक खत-बियाणांचे दुकानदार पुढे आले. अख्खा कार्यक्रम दुकानाच्या नावाने प्रायोजित करायची त्यांची तयारी होती. पण सामुदायिक रेडिओवर असं खासगी प्रायोजन चालत नाही, जाहिराती मात्र चालतात. पूर्वी तासाला 7 मिनिटांची मर्यादा होती, 2024 मध्ये ती 12 मिनिटं झाली आणि 10 सेकंदांच्या सरकारी जाहिरातीचा दरही 52 वरून 74 रुपयांवर गेला. स्थानिक दुकानदारांना आम्ही याहून कमी लावतो. खत-बियाणांच्या दुकानदारांनी जाहिरात दिली, मागोमाग भांड्यांच्या दुकानाची आणि एका दूध डेअरीची आली.

तेवढ्याने सगळं भागलं नाही, म्हणून थोडी तडजोड केली. रेकॉर्डिंगची फेरी आता आरोग्य कार्यक्रमाच्या गाडीबरोबर होते. नवं रेकॉर्डिंग एका रविवारी, दुसऱ्या रविवारी साठ्यातलं जुनं. या अटीवर समितीने वर्षभराची मंजुरी दिली. तास मात्र पुरा तासाचाच ठेवला, अर्ध्या तासावर मी कबूलच झाले नाही.

मानधनाचं राहिलंय. गाणाऱ्या बाईला आम्ही एक ब्लाउज पीस, नारळ आणि थोडे पैसे देतो. तिचा दिवसाचा रोजही त्यात निघत नाही, हे मला पटत नाही. पुढच्या अंदाजपत्रकाची बैठक मार्चमध्ये आहे. त्यासाठी मानधनाची व्हाउचरं आत्तापासून वेगळ्या फाइलला लावते आहे.