आमची वाटचाल : दाराच्या आतल्या बाजूने

रात्री अकरानंतर फोन वाजला की बाबा अजूनही उशीजवळचा चष्मा चाचपतात. फोन आता माझ्याकडे येतो, तरी त्यांची सवय जात नाही. पलीकडचा आवाज बहुधा हळू बोलत असतो. दार ओढलं गेलं नि किल्ली आत राहिली, किल्ली कुलपात मोडली, लॅच अडकलं. आणि कधीकधी नुसतंच, "ताई, तुम्ही बसवलेलं ते कुलूप आहे ना, ते बाहेरून कुणाला उघडता येतं का हो?" या शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे शिकण्यात आमच्या धंद्याची निम्मी वर्षं गेली.

सुरुवात बाबांनी केली ती किल्ल्या घासण्यापासून. बाकावर ठोकलेला एक वाइस, तीन कानशी आणि तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या, एवढंच भांडवल. मी शाळा सुटली की तिथेच बसायची. मला मिळालेला पहिला धडा म्हणजे, "कानस ढकलताना दाब, मागे घेताना उचल." कानशीचे दात पुढे जातानाच कापतात, ओढताना दाबली तर दात बोथट होतात नि पितळ नुसतं चकचकतं. आज मशीन एका मिनिटात किल्ली कापतं, पण शेवटचे दोन हात मी अजून कानशीनेच मारते. मशीनवरची किल्ली कुलपात जाते, हातावरची फिरतेही.

बाबांनी कुलपाचं एक जुनं सिलिंडर, म्हणजे किल्ली जिच्यात शिरते ती पितळी नळी, बाजूने कापून काउंटरवर ठेवलं होतं. आजही आहे. आत पाच बारीक पितळी पिना, प्रत्येकीच्या डोक्यावर दुसरी पिन, तिच्यावर स्प्रिंग. बरोबर किल्ली सरकवली की खालच्या-वरच्या पिनांमधल्या पाचही फटी एका रेषेत येतात आणि मधला गोल दांडा फिरतो. एक पिन केसभर वर राहिली तरी तो जागचा हलत नाही. प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपात हीच युक्ती होती. लायनस येल धाकट्याने १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांतून तिला आजचं आटोपशीर रूप आणि चपटी किल्ली दिली. पाच पिना, प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या तर कागदावर ७,७७६ वेगवेगळ्या किल्ल्या होतात. प्रत्यक्षात बऱ्याच कमी, कारण शेजारशेजारच्या दोन खाचांत फार फरक असला तर किल्ली आत-बाहेर सरकतच नाही. म्हणून आपल्या किल्लीने दुसऱ्याचं दार उघडल्याच्या सगळ्याच गोष्टी थापा नसतात. गिऱ्हाइकाला हे सांगू नको, असं बाबा म्हणायचे. मी सांगते.

आमच्या पहिल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "न उघडणारी कुलुपं". दुकान माझ्या हातात आल्यावर पहिल्यांदा मी ती पाटी उतरवली. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मग मी त्यांना ब्रामाच्या कुलपाची गोष्ट वाचून दाखवली. जोसेफ ब्रामाने १७८४ मध्ये आपल्या कुलपाचं पेटंट घेतलं आणि पुढे लंडनच्या दुकानाच्या खिडकीत ते आव्हान म्हणून मांडलं, की हे उघडणारं हत्यार जो करून आणेल त्याला २०० गिनी. कितीतरी दशकं ते कुणाला उघडलं नाही. १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनासाठी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने आधी चब या इंग्रज कुलूपवाल्यांचं नावाजलेलं 'डिटेक्टर' कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं आणि मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास लागले, पण उघडलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "एकावन्न तास? मग तो चोर कुठला?"

मुद्दा त्यांचाच बरोबर होता. चोराकडे एकावन्न तास नसतात, आणि तो पिनांशी खेळत बसत नाही. तो उघडी खिडकी बघतो, नुसतं लोटलेलं दार बघतो. नाहीच मिळालं तर खांदा किंवा पहार लावतो. फुटलेली जेवढी दारं आम्ही दुरुस्त केली त्यांत कुलूप बहुतेक वेळा शाबूत असतं. फाटते ती चौकट. भारी कुलपाचा दांडा ज्या पत्र्याच्या पट्टीत शिरतो, ती पट्टी दोन टिचभर स्क्रूंवर चौकटीच्या कडेला टेकवलेली असते. लाथ बसली की लाकडाची चीप निघते आणि दार उघडतं. कुलूप तसंच बंद, दांडा बाहेर काढून उभं. आम्ही आता कुलूप विकायच्या आधी जुनी पट्टी काढतो आणि चौकटीतून मागच्या भिंतीच्या आधारापर्यंत पोचतील असे लांब स्क्रू घालतो. कितीतरी गिऱ्हाइकं एवढ्यावरच परत पाठवली आहेत. माझ्या भावाच्या मते हा धंदा नव्हे.

पण आमचा धंदा खरा बदलला तो एका वेगळ्याच दारामुळे.

मी तेव्हा बाबांच्या हाताखाली होते. संध्याकाळी एक गृहस्थ आले. किल्ली हरवली म्हणाले. बोलणं सभ्य, ओळखपत्र खिशात, पत्ता जुळला, दारावरची पाटीही त्यांच्याच आडनावाची. बाबांनी चार मिनिटांत लॅच उघडलं. आत बोळात एक बाई भिंतीला पाठ लावून उभी होती, कडेवरच्या मुलाचं डोकं तिने हाताने झाकून धरलेलं. ती ओरडली नाही. आधी तिने बाबांच्या हातातल्या हत्याराकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. ती नजर मी आजवर कुणापाशी नीट सांगू शकलेले नाही. ते गृहस्थ "थँक्यू, थँक्यू, या आता" म्हणत आत निघाले. बाबा उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "ताई, आम्ही थांबू का?" ती चपला न घालता बाहेर आली आणि तिचा भाऊ येईपर्यंत आमच्याबरोबर जिन्यात बसून राहिली. तासभर कुणी काही बोललं नाही. घरी परतताना बाबा म्हणाले, "दार त्याचंही होतं. कागद बरोबर होते. चूक कुठे झाली ते सांग." मला सांगता आलं नाही.

चूक एवढीच, की आम्ही बेल वाजवली नव्हती. बंद दारामागे कुणी नसणारच, हे आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे. आधी बेल, मग हाताने थाप, मग मोठ्याने आपलं नाव सांगून हाक. आत कुणी असेल तर प्रश्न त्या माणसाला. ते नको म्हणाले तर पेटी बंद करून निघायचं, बाहेर उभा असलेला कितीही तापो. कागदपत्रं त्यानंतर. या नियमापायी शिव्या खाल्ल्या, गिऱ्हाइकं तुटली, आणि एकदा रात्री दोन वाजता एका बहिऱ्या आजोबांना खिडकीच्या काचेवर टॉर्च मारून उठवावं लागलं. त्यांनी दार उघडून आम्हालाच चोर ठरवलं.

यातूनच आमचं आजचं मुख्य काम उभं राहिलं: किल्ली बदलणं. कुलूप तेच ठेवायचं, सिलिंडर काढून आतल्या पिना बदलायच्या, नव्या किल्ल्या द्यायच्या. वीस मिनिटांचं काम. हे करून घ्यायला येतात त्यांच्या डोक्यात अनोळखी चोर क्वचितच असतो. आधीचा भाडेकरू, काम सोडून गेलेली बाई, भांडून गेलेला भागीदार, घटस्फोट झालेला नवरा. घर घेतलं, रंग दिला, पडदे लावले. पण आधीच्या मालकाने किती किल्ल्या वाटल्या होत्या हे विचारायचं राहूनच गेलं. माझ्यामते घरात निर्धास्त वाटणं हे कुलपाच्या वजनापेक्षा एका हिशेबावर जास्त चालतं: आपल्या किल्ल्या एकूण किती आणि आत्ता कुणाकुणाकडे? मी प्रत्येकाला हे विचारते. दहांतले सात-आठ जण बोटं मोजायला लागतात आणि तिसऱ्या बोटाशी थांबतात.

काउंटरवर मी उभी राहायला लागल्यापासून बायका जास्त मोकळं बोलतात, हेही सांगायला हवं. बाबांना त्या म्हणायच्या, "कुलूप खराब झालंय." मला म्हणतात, "त्याच्याकडे एक किल्ली आहे."

मधल्या काळात आम्ही स्मार्ट कुलुपांच्या नादी लागलो. बोटाचा ठसा, आकडे, मोबाइल. चूक माझीच, माल एकदम उचलला. पुरवठादाराने आधी फोन उचलले, मग उचलेनासा झाला. बॅटरी संपल्याची सूचना द्यायची ती यंत्रं सूचना न देताच झोपायची आणि लोक स्वतःच्या दाराबाहेर उभे. त्या हंगामात नफा अपेक्षित होता, पण दिवस गेले ते फुकट दुरुस्तीत. आजही आम्ही अशी कुलुपं बसवतो, पण साधी किल्ली चालणारीच, आणि ती किल्ली घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवायच्या अटीवर. दुसरी एक अट माझी जास्त कडक आहे. आतूनही किल्लीनेच उघडणारं कुलूप आम्ही राहत्या घराला बसवत नाही. आग लागली, धूर भरला, तर अंधारात किल्ली शोधायला वेळ नसतो. आतून हाताने फिरवता येईल अशीच मूठ हवी. चोराला बाहेर ठेवताना घरच्यांना आत कोंडू नये, एवढं तरी आमच्या हातात आहे.

दाराबाहेर कोण आहे ते दार न उघडता कळावं, ही मागणी तर जुनीच. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या परिचारिका. कामाच्या वेळा आडनिड्या, नवरा अनेकदा घराबाहेर, आणि पोलीस यायला उशीर. त्यांनी नवऱ्याबरोबर १९६६ मध्ये एका यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला: दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांवरून वर-खाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बोलायची सोय, आणि बसल्या जागेवरून दार उघडायचं किंवा मदत बोलवायचं बटण. १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. कॅमेरे विकणाऱ्या कंपन्यांची चकचकीत पत्रकं माझ्याकडे ढिगाने येतात. ही कल्पना रात्री घरी एकट्या असणाऱ्या एका बाईची, हे त्यांतल्या एकातही वाचलेलं आठवत नाही.

कुलूप विकून सुटत नाही असा एक प्रकार मात्र आहे. एक काका आमच्याकडे वर्षभरात चार वेळा आले. लॅच बदललं, वरचा बोल्ट घातला, साखळी घातली. चौथ्या वेळी मी त्यांच्या घरी गेले, तर दाराच्या मुठीवरचा मुलामा एकाच जागी पार उडालेला. रोज निघताना दहा-बारा वेळा ओढून बघायचे. कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत. आमच्या एक गिऱ्हाईक मानसोपचाराचं काम करतात, त्यांना मी विचारलं. त्यांनी व्हॅन डेन हाउट आणि किंट या डच संशोधकांचा २००३ मधला प्रयोग सांगितला. संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी बंद आहे ना, हे पुन्हापुन्हा तपासायला लावलेल्या लोकांना शेवटची तपासणी आठवत होती ती बरोबरच, पण अंधुक, आणि त्या आठवणीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. म्हणजे जितकं ओढून बघाल तितकं "बघितलं ना?" हे वाढत जाणार. काकांना मी पाचवं काही विकलं नाही. त्या बाईंचा नंबर दिला. ते माझ्यावर रागावले, आणि बरेच दिवसांनी नंबरावर फोन केला म्हणे.

नुकतंच घर फुटलेल्यांशी बोलताना मात्र मी उलट वागते, घाई करते. एकदा फुटलेलं घर लगेचच्या दिवसांत पुन्हा फुटायची भीती जास्त असते, हे गुन्ह्यांचा अभ्यास करणारे बरीच वर्षं सांगत आलेत. कारण साधं आहे: आतली वाट चोराला माहीत झालेली असते. म्हणून अशा घरचा फोन आला की बाकीची कामं मागे पडतात. पट्टी, बिजागऱ्या, खिडकीची कडी, सगळं त्याच दिवशी. काम चालू असताना घरातलं कुणीतरी शेजारी येऊन उभं राहतंच. स्क्रू कसा बसतो ते त्यांना बघायचं असतं. मी शेवटचा स्क्रू त्यांनाच पिळायला देते.

आज आम्ही तिघं आहोत: मी, भाऊ आणि शिकायला आलेला एक मुलगा. त्याची कानस अजून मागे येताना घासते. बाबा दुपारी तासभर येऊन कापलेलं सिलिंडर पुसतात.

मागच्या महिन्यात एक मुलगी आली. दोन वर्षांत तिने माझ्याकडून तीनदा पिना बदलून घेतल्या होत्या आणि दर वेळी एकच किल्ली नेली होती. दुसरी मी देऊ केली की म्हणायची, वितळवून टाका. या वेळी तिने तीच एकुलती किल्ली काउंटरवर ठेवली आणि आणखी एक करून मागितली.

"हरवली तर पंचाईत म्हणून?" मी विचारलं.

"नाही. शेजारच्या काकूंना द्यायचीये."

मी कोरी किल्ली मशीनला लावली. कापून झाल्यावर कानशीचे दोन हात मारले, ब्रशवर धरली, बोटाने कड बघितली. ती म्हणाली, "घरी जाऊन लावून बघते, नाही लागली तर येते." अजून आलेली नाही.