तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसात सगळ्यांशी जमतं कसं?

नव्याने नोकरीला लागलेली मुलं हा प्रश्न मला हटकून विचारतात. पुढे पुस्तीही जोडतात, "तुम्ही कुणाला दुखवत नाही, म्हणून ना?" तसं नाही. गोड बोलल्याने ओळख वाढते, पण ऐनवेळी रिपोर्ट अडकला की ती ओळख पुरी पडत नाही. ऑफिसातली बरीचशी भांडणं मी स्वभावापेक्षा कामाच्या अर्धवट वाटणीतून पेटताना पाहिली आहेत. मीटिंग "करून टाकू" म्हणत संपते. कुणी करायचं आणि कधीपर्यंत, हे ठरतच नाही. मग दोघंही मनापासून समजतात की ते काम समोरच्याचं होतं. म्हणून उठण्याआधी मी हे दोन प्रश्न विचारतेच. सुरुवातीला लोकांना ते खटकतं, नंतर तेच आठवण करून देतात.

याहून नाजूक गोष्ट श्रेयाची. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या कामांतला तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेकदा शंभर टक्क्यांच्या वर जायची. कुणी खोटं बोलत नव्हतं. स्वतःचे कष्ट सहज आठवतात, दुसऱ्याचे तेवढे आठवत नाहीत. ऑफिसातही हेच होतं, आणि "माझी कदर नाही" ही भावना आतल्या आत साचत जाते. त्यामुळे साहेबांसमोर "टीमने छान काम केलं" एवढ्यावर मी थांबत नाही. आकड्यांतली चूक कुणी पकडली, ग्राहकाचे फोन कुणी झेलले, ते नाव घेऊन सांगते. माणूस समोर नसेल तर आवर्जून सांगते.

तिसरं, नाराजी मेलवर लिहायची नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग मांडला. काही वाक्यं उपरोधाची, काही गंभीर, अशी ती मेलने पाठवायची. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, 78 टक्के वेळा समोरच्याला सूर बरोबर कळेल. प्रत्यक्षात कळला 56 टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं त्याहून थोडंसंच जास्त! तुमच्या कानात जो सूर असतो तो मेलमधून जात नाही. त्यात साहेबांना सीसीत ठेवलं, की साधी आठवणसुद्धा तक्रार होते आणि समोरचा कामाचं सोडून स्वतःचा बचाव लिहीत बसतो. मला हे फार क्लेशकारक वाटतं, कारण पाच मिनिटांच्या बोलण्यात जे मिटलं असतं ते महिनोन्महिने चिघळतं. ठरलेलं काम जरूर लिहून ठेवा, पण राग आला असेल तर त्याच्या टेबलापाशी जा, निदान फोन करा. तेही त्याच दिवशी, आणि चारचौघांत नको.

एवढं करूनही एखाद्याशी जमत नाही. न जमू दे. मैत्री ही नोकरीची अट नाही. त्याला वेळेवर माहिती द्यावी, त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल बोलू नये, बस. मात्र कुणी अपमान करत असेल, अंगावर ओरडत असेल, तर ते सांभाळून घेण्यातलं नव्हे. तारखांसह नोंद ठेवायची आणि वरिष्ठांकडे जायचं. तिथे गप्प राहायला मी कुणालाही सांगणार नाही.