ऊसतोड टोळीतला मोबाइल: सिनॉप्सिसपासून प्रबंधापर्यंत माझा अनुभव

पीएचडी करू पाहणारी मुलंमुली मला हल्ली एकच विचारतात: मोबाइल आणि समाज असा विषय घ्यायचाय, कुठून सुरुवात करू? फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझा विषय होता बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आणि त्यांचा मोबाइल. आईबाप कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात, पोरं गावी आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. गाळप संपेपर्यंत घर म्हणून जे काही उरतं, ते बरंचसं फोनवरच चालतं.

सिनॉप्सिससाठी, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यासाठी, वाचायला लागलं की या विषयात लवकरच हाती येतो रॉबर्ट जेन्सन यांचा केरळच्या मच्छीमारांवरचा अभ्यास, २००७ सालचा. किनाऱ्यावर मोबाइल आला, कुठल्या बाजारात काय भाव आहे हे होडीतूनच कळू लागलं, ठिकठिकाणच्या भावांतली तफावत घटली आणि मासळी फेकून द्यायची वेळ जवळपास संपली. अभ्यास पक्का आहे. पण त्यावरून ‘फोन आला की गरिबाचं भलं होतं’ असं सरसकट बोललं जातं, ते मला पटत नव्हतं. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन बांधली गेलेली असते. तोडणीचा दर साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात ठरतो. पलीकडच्या कारखान्यावर काय चाललंय हे फोनवर कळलं, तरी उचल फिटेपर्यंत हलता येत नाही. उलट मुकादमाला आता रात्री दोन वाजताही फोन करून ‘गाडी आलीय, भरायला चला’ म्हणता येतं. फोन काय घडवतो, हे तो कुणाच्या हातात आणि कुणाच्या हुकमात आहे यावर ठरतं. अभ्यासाची पद्धतही तिथूनच निघायला हवी, हे माझं म्हणणं शेवटपर्यंत कायम राहिलं.

सल्लागार समितीत पहिला वाद याच पद्धतीवरून झाला. सध्या या क्षेत्राचा ओढा ॲपने नोंदी घेण्याकडे आहे, आणि त्याला कारणही आहे. ‘दिवसात किती वेळ फोन बघता?’ याला माणसं जे उत्तर देतात आणि फोन जे नोंदवतो, त्यांचा मेळ बेताचाच असतो. २०२१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून हे दाखवलं गेलं. पण ॲप धरून चालतं की एक फोन म्हणजे एक माणूस. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, स्मार्टफोन बहुधा एकच. दिवसभर नवऱ्याच्या खिशात, संध्याकाळी बाईच्या हातात, जेवणानंतर सोबत आणलेल्या लहानग्याकडे, आणि मध्येच शेजारच्या कोपीतली सासू लेकीशी बोलायला मागून नेते. त्या स्क्रीन टाइमचा आकडा नक्की कुणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. उरलेल्यांमध्येही कितीतरी जणी बोलतात, फक्त दुसऱ्याच्या फोनवरून, आणि त्यांचं ते बोलणं कुठल्याच ॲपच्या हिशोबात येत नाही.

म्हणून मी ‘फोनची वही’ मांडली, ॲपऐवजी प्रत्येक कॉलची हाताने नोंद. कुणी लावला, कुणाला, कशासाठी, आणि बोलताना शेजारी कोण होतं. शेवटचा रकाना गाइडनी सुचवला आणि तोच सगळ्यात मोलाचा निघाला.

एथिक्स कमिटीत मात्र प्रकरण लांबलं. एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत, दरवेळी नवी शंका. दमायला झालं, पण शंका खऱ्या होत्या हे मान्य करायलाच हवं. टोळीत शिरायचं तर मुकादमाची परवानगी लागते; आणि मुकादम हो म्हणाला की मजूर नाही म्हणणार कसा? शेवटी असं ठरलं की संमती कोपीवर, मुकादम नसताना, प्रत्येक बाईची आणि बाप्याची वेगवेगळी घ्यायची. मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा, अंगठा असेल तर साक्षीदार टोळीतलाच, पण मुकादमाच्या नात्यातला नको.

गावी राहिलेल्या मुलांचं काय, हा त्याहून अवघड प्रश्न. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती हवी, आणि पालक तर फडात. आजीची सही चालेल का, यावर बरीच चर्चा झाली. तोडगा निघाला तो फोनवरच: आईबापांना स्पीकरवर घेऊन, आजी आणि पोर समोर बसलेली असताना संमती नोंदवायची, आणि पोराने ‘मला नको’ म्हटलं तर आईबापांचा होकार असूनही थांबायचं.

कमिटीतल्या एकांनी विचारलं, कंपन्यांकडूनच माहिती का मागत नाही? हा प्रश्न पुढे या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला छळणार आहे. फेसबुकवरच्या लोकांची माहिती परस्पर राजकीय प्रचारासाठी वापरल्याचं केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आल्यावर फेसबुकने बाहेरच्यांसाठी दारं आवळली, ट्विटरने २०२३ मध्ये मोफत मिळणारी माहिती बंद केली, फेसबुकवर काय पसरतंय हे अभ्यासकांना दाखवणारं क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये मिटवलं गेलं. युरोपात डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टने पात्र संशोधकांना मोठ्या कंपन्यांकडून माहिती मागायचा हक्क दिलाय. आपल्याकडे तसा कायदा नाही. आपला २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा संशोधनाला अटींवर सूट देतो, पण कंपनीने माहिती द्यावी असं बंधन घालत नाही. व्हॉट्सॲपवरचे मेसेज तर २०१६ पासून एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणारे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात व्हॉट्सॲपवर फिरलेल्या अफवेवरून मुलं पळवणारे समजून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. तरी अफवा गावोगाव कशी फिरते, हे बाहेरच्या अभ्यासकाला आजही लोकांजवळ बसूनच समजून घ्यावं लागतं. ऊसतोड मजूरही परमुलखातली माणसं. माझ्यासाठी हा पुस्तकी मुद्दा नव्हता.

फडातली एक गोष्ट सांगते. टोळीतली एक बाई मोळ्या बांधून परतली की भाकरी टाकायच्या आधी फोन घ्यायची. सातवीतल्या मुलीचे व्हॉइस मेसेज आलेले असत. म्हैस पाजली, आजीने गोळी घेतली, गणिताचा पेपर झाला. पाचटाच्या कुडातून सगळंच ऐकू जातं, म्हणून आवाज बारीक करून फोन कानाला दाबून धरायची. उत्तरात विचारायची फक्त ‘काय जेवलीस?’ वहीत महिनाभर तिच्या नोंदींपुढे ‘शेजारी कोण’मध्ये दीर, सासू, मुकादमाचा माणूस असं काही ना काही होतं. एकदाच तो रकाना रिकामा होता, आणि त्याच दिवशी ती मुलीशी पाठदुखीबद्दल आणि अंगावरच्या उचलीबद्दल बोलली होती. स्क्रीन टाइममध्ये हे दोन्ही कॉल सारखेच दिसले असते.

ते व्हॉइस मेसेज मी कॉपी केले नाहीत. गावाचं नाव बदलता येतं, आवाज कसा बदलणार? तिथेच ऐकायचे, तिच्या देखत टिपून घ्यायचं, तेवढंच. आता आवाजावरून हुबेहूब नवा आवाज बनवता येतो. त्यामुळे पुढच्या संशोधकांनी आवाजाची फाइल साठवण्याआधी दहादा विचार करावा, असं मला फार मनापासून वाटतं.

प्रबंध लिहून होईपर्यंत वही लिहिणाऱ्या काही मुली अठराच्या झाल्या होत्या. तेव्हा होकार त्यांच्या आईबापांचा होता. आता तो त्यांचा स्वतःचा हवा. गाइडना हे फारसं गरजेचं वाटलं नाही, सबमिशनची तारीख डोक्यावर होती. तरी मी एकेकीला गाठून विचारलं. बहुतेकींनी हो म्हटलं, एकीने आपली वही परत वाचायला मागितली. एकीने स्वच्छ नकार दिला. तिचं लग्न ठरलं होतं आणि घरातली बोलणी कुठेही छापलेली तिला नको होती. तिच्या नोंदी मी काढून टाकल्या, तिसऱ्या प्रकरणातला तक्ता पुन्हा केला, त्यावर बेतलेला एक निष्कर्षही गळला. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांनी तक्त्यातली घट कशामुळे, असं विचारलं. मी कारण सांगितलं, आणि त्यांनी ते जसंच्या तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहायला लावलं.